खोड आणि सूर : तबला-पखवाजाच्या लाकडाविषयी



तबल्याचे वादन ऐकताना सर्वसाधारण श्रोत्याचे लक्ष वादकाच्या बोटांकडे असते आणि जाणत्या श्रोत्याचे पुडीकडेही असते. परंतु ज्या लाकडी खोडावर ती पुडी ताणून बसवलेली असते, त्याची आठवण मैफलीत सहसा कोणाला होत नाही. पुडी फाटते, शाई उडते, वादी तुटते आणि हे सारे वेळोवेळी बदलले जाते. खोड मात्र टिकते. पुष्कळ घरांत ते वडिलांकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे आलेले असते. वाद्य विकत घेण्याची वेळ आली म्हणजे मग या विसरलेल्या खोडाचे महत्त्व एकदम वाढते आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो "लाकूड कोणते?" हाच. शिसमाचे खोड गोड बोलते, खैराचे कडक बोलते, आंब्याचे बसके बोलते अशी मते वादक आणि कारागीर या दोघांच्याही तोंडी ऐकू येतात. या मतांत तथ्य किती आणि संकेत किती, लाकडाचा नादाशी नेमका संबंध कोणता, आणि हे लाकूड पुढील पिढ्यांना मिळावे यासाठी काय करता येईल, या तीन प्रश्नांचा विचार येथे योजिला आहे.

बडोद्याच्या एका जुन्या ग्रंथालयात असा विषय मांडण्यात अनौचित्य नाही. ज्या महाराजा सयाजीरावांनी या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, त्यांच्याच आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा सुरू झाली. दरबारच्या कलावंत कारखान्यात गवयांच्या बरोबरीने वाद्यवादकांचाही परामर्श घेतला जाई; नासिरखाँ पखवाजी यांचे नाव त्या परंपरेत आदराने घेतले जाते. त्याच गायनशाळेचा वारसा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे आला आणि तेथे अजराडा घराण्याचे सुधीरकुमार सक्सेना (१९२३–२००७) यांनी अनेक वर्षे तबल्याचे अध्यापन केले. ग्रंथांच्या बाजूनेही बडोद्याचा अधिकार मोठा आहे. १९१६ साली सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत भरताचे 'नाट्यशास्त्र' अभिनवगुप्ताच्या टीकेसह चार खंडांत प्रसिद्ध झाले. पहिला खंड १९२६ चा, चौथा १९६४ चा. आणि चामड्याने मढवलेल्या, म्हणजे अवनद्ध, वाद्यांचे प्रकरण या चौथ्या खंडातच आहे.

त्या प्रकरणाच्या आरंभी स्वाती मुनींची कथा येते. पावसाळ्यातील अनध्यायाच्या एका दिवशी मुनी सरोवरावर पाणी आणण्यास गेले असता कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पडणाऱ्या थेंबांचे निरनिराळे आवाज त्यांनी ऐकले, आणि ते मनात धरून विश्वकर्म्याच्या साहाय्याने पुष्कर वाद्ये निर्माण केली. कथेतील कल्पना बाजूला ठेवली तरी तिच्यातील निरीक्षण मार्मिक आहे. पाऊस एकच, थेंब एकच. ज्यावर तो पडतो ते पान बदलले की आवाज बदलतो. 'मृदंग' या शब्दाचा घटकार्थही याच दिशेने बोलका आहे. मृत् म्हणजे माती आणि अंग म्हणजे शरीर. ज्याला वारकरी आजही मृदंग म्हणतो त्याचे शरीर लाकडाचे असते, पण नाव मातीचेच राहिले आहे. वाद्याचे द्रव्य बदलले तरी वाद्य आपली ओळख टिकवू शकते, याचा हा भाषेने जपलेला पुरावा होय.

मातीकडून लाकडाकडे झालेल्या या प्रवासातील एक महत्त्वाची नोंद महाराष्ट्राच्या भूमीवर झाली. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायात मर्दलाचे वर्णन करताना तो लाकडाचे नावच सांगतो. मर्दल निर्दोष अशा बीजवृक्षाचा असावा, त्याच्या भिंतीची जाडी अर्धा अंगुळ, लांबी एकवीस अंगुळे, डावे मुख चौदा आणि उजवे तेरा अंगुळांचे असावे, असे त्याचे माप आहे. मुखावर शिजवलेला भात आणि राख यांचे मिश्रण लावण्याचा विधीही त्याने दिला आहे. हा बीजवृक्ष म्हणजेच हिंदीतील बीजा किंवा विजयसार, मराठीतील बिबळा आणि गुजरातीतील बियो. त्याचे लाकूड जड व टिकाऊ असते आणि सालीवर घाव घातला की रक्तासारखा तांबडा चीक वाहतो. ज्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून मधुमेही माणसे सकाळी पितात, तोच हा वृक्ष. डांगच्या जंगलात तो सागाच्या आणि शिसवीच्या सोबतीने वाढतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी देवगिरीला बसून शास्त्रकाराने निवडलेले लाकूड आजही तबल्याच्या कारागिराला मान्य आहे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. एवढ्या दीर्घ काळ टिकलेली निवड केवळ संकेताने टिकत नाही.

मग या निवडीमागील कारण कोणते? ते शोधण्यासाठी प्रथम हे पाहिले पाहिजे की तबल्यात सूर उत्पन्न होतो कोठे. याचे उत्तर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दिले. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात आणि पुढे १९३४ साली अधिक विस्ताराने त्यांनी भारतीय चर्मवाद्यांचे विवेचन केले. साधे, सर्वत्र सारख्या जाडीचे चामडे ताणून वाजवले तर मूळ कंपनाबरोबर उठणारी वरची कंपने त्याच्या पूर्णांकी पटीत नसतात. पहिल्या कंपनाची संख्या १ मानली तर पुढील संख्या सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा येतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज घुमतो, पण तो निश्चित सूर म्हणून कानाला जाणवत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पुडीवर मध्यभागी थरावर थर देऊन घोटलेली शाई हे गणित बदलते. तिच्या वजनामुळे पुडीची निरनिराळी कंपने एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटींत येऊन बसतात. बारीक वाळू पसरून रामन यांनी या कंपनांच्या आकृती प्रत्यक्ष दाखवल्या. तात्पर्य, तबल्याचा सूर शाईने घडवलेला आहे. लाकूड त्याचे जनक नाही.

तसे असेल तर लाकडाचे काम काय उरते? येथे वादकाच्या बोटातील शक्तीचा हिशेब मांडावा लागतो. 'ना' वाजवताना बोटाचे टोक चाटेवर क्षणभर टेकते. तेवढ्यात पुडीला मिळालेली शक्ती अगदी थोडी असते. तिचा काही भाग हवेत जाऊन नाद होतो, काही चामड्यातच जिरतो आणि काही पुडीच्या कडेवरून खोडात उतरतो. खोड हलके आणि लवचिक असेल तर तेही पुडीबरोबर हलू लागते आणि पुडीची शक्ती ओढून घेते. नाद लवकर विझतो. खोड जड आणि कठीण असेल तर ते हलण्यास तयार नसते. पुडीची शक्ती पुडीतच राहते आणि आस लांबते. ज्याला वादक गोडवा म्हणतो त्यात या लांबलेल्या आसेचा वाटा मोठा आहे. उजव्याच्या खोडाची पोकळी वरच्या भागातच असते आणि खालचा भाग भरीव ठेवला जातो, यामागेही वजन आणि स्थैर्य राखण्याचा हेतू दिसतो.

या दृष्टीने लाकडांची वजने पाहिली की कारागिरांच्या मतांचा उलगडा होऊ लागतो. वाळलेल्या लाकडाचे एक घनमीटर घेतले तर ढोबळमानाने खैर हजार किलोच्या आसपास भरतो. बिबळा, बाभूळ आणि शिसम आठशेच्या जवळपास. साग व आंबा साडेसहाशेच्या आगेमागे. फणस सहाशेच्या आसपास आणि शिवण पाचशेच्या जवळ. खैराचे खोड 'कडक' वाटते आणि आंब्याचे 'बसके' वाटते, हा क्रम वजनाच्या क्रमाशी जुळतो. 'शिसम' या नावाबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. सह्याद्रीच्या जंगलातील काळसर शिसव आणि उत्तरेकडून येणारा तपकिरी शिसम ही एकाच कुळातील दोन वेगळी झाडे आहेत. पहिले दुसऱ्यापेक्षा थोडे अधिक जड असते. बाजारात दोघांनाही एकच नाव चालते, म्हणून नावावरून लाकूड ओळखले असे मानणे धोक्याचे ठरते.

वजनाने सर्व गोष्टींचा उलगडा होतो असे मात्र नाही. लाकडाचा दुसरा गुण मैफलीत लगेच कळत नाही, पण वाद्याच्या आयुष्यात तोच निर्णायक ठरतो. तबल्याच्या कडेला आठ गठ्ठे आणि सोळा घरे असतात, आणि या सोळाही घरांत एकच सूर मिळाला पाहिजे. त्यासाठी खोडाचे तोंड नेमके वर्तुळाकार असावे लागते. ओले लाकूड वाळताना आकसते. पण ते सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. झाडाच्या वर्षवलयांच्या दिशेने ते जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. परिणामी खरादावर गोल उतरवलेले तोंड वाळल्यानंतर अंडाकृती होऊ शकते, किंवा गाभ्यापासून कडेकडे उभी चीर जाते. तोंड किंचित जरी लांबट झाले तरी पुडीचा ताण दोन दिशांना वेगळा पडतो. एका घरात मिळवलेला सूर समोरच्या घरात ढळतो आणि वादकाची हातोडी थांबत नाही. बडोद्याच्या हवेत तर ही परीक्षा दरवर्षी होते. वैशाखात चाळीस अंशांच्या वर जाणारी कोरडी उष्णता आणि आषाढात भिंतींना ओल आणणारी हवा यांच्यामध्ये लाकूड श्वास घेत असते. जे लाकूड या चढउतारात कमी हलते, ते चांगले. शिसम आणि बिबळा यांची प्रतिष्ठा केवळ आवाजाची नसून या स्थिरतेची आहे. जुन्या कारागिरांनी लाकूड सावलीत मुरवण्याचा, अंतर्गाभा घेऊन बाहेरचे पांढरे लाकूड टाळण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने. पांढरे लाकूड हलते आणि त्याला भुंगाही लवकर लागतो.

म्हणून एका वाक्यात सांगावयाचे तर, लाकूड सूर देत नाही, लाकूड सूर राखते. ही भूमिका मान्य केली म्हणजे निरनिराळ्या वाद्यांनी निरनिराळी लाकडे का स्वीकारली हेही समजते. तबल्याचा जोडीदार डग्गा तांब्यापितळेचा असतो आणि पूर्वी तो मातीचाही असे, कारण त्याच्याकडून खर्जाची घुमारी आणि मनगटाने घेतलेली मींड हवी असते. सोळा घरांतील एकसूरतेची अपेक्षा त्याच्याकडून तितकी कडक नसते. बडोद्याच्या प्रेमानंदाने सतराव्या शतकात आपली आख्याने तांब्याच्या माणावर बोटांतील अंगठ्यांचा ठेका धरून गायिली. तेथे तर चामडेही नाही, सारा नाद धातूच्या भांड्याचाच. दक्षिणेत मृदंगासाठी फणसाचे लाकूड रूढ आहे आणि तमिळनाडूतील पनरुटीचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध आहे. वारकऱ्याचा मृदंग गळ्यात अडकवून आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालावयाचे असते. तमाशातील ढोलकीवाला कमरेला वाद्य बांधून उभ्याने वाजवतो. बैठकीत जे वजन गुण ठरते तेच येथे खांद्याला दोष ठरते आणि कारागिराला नाद व भार यांच्यात मध्यम मार्ग काढावा लागतो.

पाश्चात्त्य ड्रम या वाद्याकडे पाहिले तर हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवलेला दिसतो. तेथे मेपल, बर्च किंवा महोगनी या लाकडांचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून नळीसारखे अंग तयार करतात. मेपलचा आवाज ऊबदार, बर्चचा खणखणीत अशी मते तेथेही चालतात. परंतु पापुद्र्यांचे रेषे आडवे-उभे घातल्यामुळे लाकडाच्या हालचालीला परस्पर अटकाव होतो आणि वर्तुळ वर्तुळच राहते. आपल्याकडे अखंड खोडाला मुरवून जे साधले जाते, ते तेथे सरसाने साधले जाते. आवाजावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत चामड्याचा ताण, त्याची जाडी आणि अंगाच्या कडेची घडण यांचा वाटा मोठा असतो, हे तेथील जाणकारही मान्य करतात.

येथे एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. दोन तबले शेजारी ठेवून एक शिसमाचा गोड आणि दुसरा आंब्याचा बसका असा निर्णय देणे सोपे असते. पण त्या दोन खोडांवर दोन वेगळ्या पुड्या, दोन वेगळ्या हातांनी घोटलेल्या शाया असतात. ती तुलना लाकडाची नसून साऱ्या वाद्याची असते. शिवाय चांगला कारागीर आपली उत्तम पुडी उत्तम लाकडावरच चढवतो, त्यामुळे लाकडाचे श्रेय आणि पुडीचे श्रेय एकमेकांत मिसळून जाते. लाकडाचाच परिणाम पाहावयाचा असेल तर एकाच मापाच्या खोडांवर एकाच हाताची पुडी आळीपाळीने चढवून, एकाच सुरात मिळवून आणि ऐकणाऱ्याला लाकडाचे नाव न सांगता ऐकवले पाहिजे. वर मांडलेल्या वजनाच्या आणि स्थिरतेच्या विचाराला अशा परीक्षेने अधिक बळकटी येईल किंवा मुरड पडेल. दोन्ही गोष्टी ज्ञानाच्या दृष्टीने लाभाच्याच आहेत.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. बिबळ्याची मोठी झाडे विरळ होत चालली आहेत. इमारती लाकूड आणि औषध या दोन्ही बाजूंनी त्याच्यावर घाव पडत आले आहेत. शिसव आणि शिसम ज्या कुळात येतात ते संपूर्ण कूळ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण सूचीत आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळण्यास नोव्हेंबर २०१९ उजाडावे लागले. खोडाजोगा अंतर्गाभा असलेला वृक्ष तयार होण्यास काही दशके लागतात. तबल्याचे खोड दोन-तीन पिढ्या टिकते म्हणून ही टंचाई वादकाला उशिरा जाणवते, आणि जाणवते तेव्हा झाड लावण्याची वेळ निघून गेलेली असते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. गोमंतकातील घुमट या मातीच्या वाद्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. त्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपडीला संरक्षण मिळाले, आणि कालांतराने कारागिरांनी बकऱ्याचे कातडे स्वीकारले. जुन्या नादाची हळहळ करणारे आजही आहेत. पण आरतीतील आणि सुवारी वादनातील घुमट थांबले नाही आणि २०१९ साली गोवा शासनाने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. द्रव्य बदलले, कला टिकली. मात्र हे तेव्हाच शक्य होते जेव्हा जुन्या द्रव्याने नेमके काय केले हे ठाऊक असते. ज्याला माहीत आहे की शिसमाचे मोल त्याच्या वजनात आणि स्थिरतेत आहे, तो बाभळीत, कडुनिंबात किंवा अन्य जड लाकडात ते गुण शोधू शकतो. ज्याला केवळ 'शिसम' हे नावच ठाऊक आहे, त्याच्या हाती नाव नाहीसे होताच काहीच उरत नाही.

येथेच ग्रंथालयाचे कर्तव्य सुरू होते. शार्ङ्गदेवाने आपल्या काळच्या कारागिराचे ज्ञान अंगुळाच्या मापासह लिहून ठेवले म्हणून ते आज उपलब्ध आहे. त्यानंतरच्या कारागिरांचे फार थोडे ज्ञान लिहिले गेले. ते हातातून हातात गेले, आणि जेथे मुलाने दुसरा व्यवसाय पत्करला तेथे ते थांबले. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या संखेड्यात सागाचे लाकूड खरादावर धरून त्यावर लाखेचे रंग चढवणारे खरादी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. लाकूड कोणत्या महिन्यात तोडावे, किती मुरवावे, कोठे चिरते, याचे असे हातातले ज्ञान शब्दांत उतरवून घेणे हे एखाद्या मोठ्या संस्थेलाच जमेल असे नाही. शहरातील तबल्याची दुकाने, विद्यापीठातील संगीत विभाग आणि हे ग्रंथालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कारागिरांची मुलाखत घेऊन तिची एक वही ग्रंथालयात ठेवावी. संगीत विभागातील प्रत्येक जुन्या खोडाचे लाकूड, माप आणि वजन यांची नोंद करावी. वर सांगितलेली परीक्षा रसिकांसमोर एकदा जाहीरपणे घडवून आणावी. आणि शताब्दीच्या निमित्ताने जेथे वृक्षारोपण होईल तेथे गुलमोहराच्या जोडीला बिबळ्याचे आणि शिसमाचे एकेक रोप लावावे.

त्या रोपांचे लाकूड आजच्या सभासदांपैकी फार थोड्यांना पाहावयास मिळेल. परंतु ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी या संस्थेसाठी पहिली पुस्तके विकत घेतली त्यांनाही आजचे वाचक पाहावयास मिळाले नव्हते. त्यांनी खरेदी थांबवली नाही, म्हणून आजची ही सभा भरली आहे.